संस्थेसाठी संगणक घेताना : ऑल-इन-वन की सुट्या भागांचा?

लांजा तालुक्यातील विकास सोसायट्या, शेतकरी गट, महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांचे बरेचसे काम आता संगणकावाचून चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. अवजारे, ठिबक संच, फळबाग लागवड इत्यादींसाठीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावे लागतात. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला आहे. यांपैकी पुष्कळसे काम मोबाइलवरही होते, हे खरे. तथापि शंभर-दीडशे सभासदांची खाती, खत व बियाण्यांचा साठा, काजू बीच्या खरेदीची पावती-पुस्तके आणि वार्षिक ताळेबंद हे सारे मोबाइलच्या लहान पडद्यावर सांभाळणे शक्य नाही. त्यासाठी कचेरीत एक चांगला संगणक असावा लागतो.

असा संगणक घ्यावयास मंडळी बाजारात गेली, की दुकानदार प्रथम ‘ऑल-इन-वन’ नावाचा देखणा, सुटसुटीत संगणक पुढे करतो. तो घ्यावा की नेहमीचा सुट्या भागांचा घ्यावा, हा प्रश्न भांबेड, शिपोशी, साटवली, प्रभानवल्ली अशा गावांच्या बैठकांत वारंवार विचारला जातो. हा खर्च सभासदांच्या भागभांडवलातून होतो आणि एकदा घेतलेला संगणक किमान पाच-सहा वर्षे वापरावा लागतो. सबब या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करणे अगत्याचे आहे.

ऑल-इन-वन म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकाचे दोन मुख्य भाग असतात. एक पडदा, म्हणजे मॉनिटर. व दुसरी पेटी, जिला सर्वजण सीपीयू म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, माहिती साठविण्याची डिस्क, वीजपुरवठ्याचा भाग व पंखा हे सर्व या पेटीत असते. ऑल-इन-वनमध्ये ही पेटी निराळी नसते. तिच्यातील सर्व भाग पडद्याच्याच मागे, एका पातळ कवचात बसविलेले असतात. ध्वनिवर्धक, माइक व कॅमेरा हेही बहुधा त्यातच असतात. बाहेर राहतात ते फक्त कीबोर्ड व माउस. ही कल्पना नवी नाही. १९७७ साली निघालेला कमोडोर पेट, १९८४ सालचा मॅकिन्टॉश व १९९८ सालचा आयमॅक हे संगणक याच पद्धतीचे होते.

शेतकऱ्यांना हा भेद पंपाच्या उदाहरणाने चटकन उमजेल. पूर्वीच्या पंपसंचात पंप निराळा व मोटार किंवा इंजिन निराळे असे. दोन्ही पट्ट्याने किंवा कपलिंगने जोडीत. पुढे मोनोब्लॉक पंप आला. त्यात मोटारीच्याच लांब दांड्यावर पंपाचा पंखा बसविलेला असतो. जागा कमी लागते, पट्टा घसरण्याचा प्रश्न राहत नाही, जोडणी सरळ रेषेत आणण्याची खटपट वाचते. मात्र मोटार जळाली की पंपही बंद पडतो. वीज नसेल त्या दिवशी त्याच पंपाला तेलाचे इंजिन जोडून बागेला पाणी द्यावे म्हटले, तर तेही जमत नाही. ऑल-इन-वन म्हणजे संगणकातील मोनोब्लॉकच होय. त्याचे गुण व दोष दोन्ही याच एकजीवपणातून निघतात.

फायदे

पहिला फायदा जागेचा. आपल्याकडील बहुतेक गटांची कचेरी म्हणजे एखाद्या सभासदाच्या घराची पडवी किंवा गोदामाचा कोपरा. तेथे एक लहान मेज मावते. त्यावर ऑल-इन-वन ठेवूनही वही उघडण्यास जागा उरते.

दुसरा फायदा तारांचा. वीजपुरवठ्याची एकच तार पुरते. टेबलाखाली तारांचे जाळे नसल्याने केरवारा करणे सोपे जाते, झाडू लागून तार निसटत नाही व उंदरांना कुरतडण्यास वाव कमी राहतो.

तिसरा फायदा विजेचा. यांतील पुष्कळ संचांत लॅपटॉपच्या जातीचे, कमी वीज खाणारे भाग वापरलेले असतात. त्यामुळे बिल कमी येते. शिवाय त्याच यूपीएसवर हा संगणक अधिक वेळ चालतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी हा गुण मोलाचा आहे.

चौथा फायदा असा, की कॅमेरा, माइक व ध्वनिवर्धक निराळे घ्यावे लागत नाहीत. बागेतील रोगट फांदी कॅमेऱ्यासमोर धरून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांशी बोलावयाचे असेल, किंवा दूरच्या खरेदीदाराशी व्यवहाराची बैठक करावयाची असेल, तर मोठ्या पडद्यापुढे पाच-सहा जण सहज बसू शकतात.

तोटे

सर्वांत मोठा तोटा दुरुस्तीचा. सुट्या भागांच्या संगणकाचा पडदा बिघडला, तर कोणत्याही दुकानातून दुसरा आणून त्याच दिवशी काम सुरू करता येते. वीजपुरवठ्याचा भाग जळाला, तर तो बदलणारा कारागीर लांज्याच्या बाजारातही मिळतो. ऑल-इन-वनचे तसे नाही. त्याचा पडदा, मुख्य पट्टी व पंखा हे त्या त्या नमुन्यापुरतेच बनविलेले असतात. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या संचास बसत नाही. भाग मागवावा लागतो व संच रत्नागिरीस, नाही तर आंबा घाट चढून कोल्हापुरास न्यावा लागतो.

दुसरा तोटा वाढीचा. काम वाढले म्हणजे संगणकाची शक्ती वाढवावी लागते. सुट्या भागांच्या पेटीत मेमरी, डिस्क, वेळ आल्यास मुख्य पट्टी व प्रोसेसरही बदलता येतात. ऑल-इन-वनमध्ये फार तर मेमरी व डिस्क बदलता येते. काही नमुन्यांत मेमरी पट्टीवरच डाग देऊन जोडलेली असल्याने तेही शक्य होत नाही.

तिसरा तोटा आयुष्याचा. पडदा सामान्यतः संगणकाच्या इतर भागांपेक्षा अधिक वर्षे टिकतो. सुट्या संचात जुना पडदा नव्या पेटीला जोडून वापरता येतो. ऑल-इन-वनचा संगणक कालबाह्य झाला, की चांगला पडदाही त्याच्याबरोबर अडगळीत जातो. विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा याचा प्रत्यय अनेकांना आला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ कंपनीच्या नियमाप्रमाणे चालत नाही. पेटीच्या संगणकात आतले भाग बदलून निभावता आले. ऑल-इन-वनवाल्यांना लिनक्सकडे वळावे लागले, किंवा संचच बदलावा लागला. म्हणून जुना ऑल-इन-वन स्वस्तात मिळतो एवढ्यावर भुलून जाऊ नये. प्रथम त्याच्या प्रोसेसरची पिढी विचारावी.

आपली हवा, आपली वीज

शहरातील कचेरीस जे साधन योग्य, ते लांज्यास योग्य असेलच असे नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा भरून राहतो. भिंतींना ओल येते, कागदाला बुरशी लागते, तशीच संगणकातील धातूच्या जोडांवरही काट चढते. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ उडते व बारीक छिद्रांतून आत जाते. ऑल-इन-वनच्या पातळ कवचात हवा खेळण्यास जागा थोडी व पंखा लहान असतो. धूळ साचली की आतील उष्णता वाढते, संगणक मंद होतो व पुढे बंद पडतो. पेटी उघडून ब्रशाने धूळ काढणे कोणासही शिकता येते. ऑल-इन-वन उघडणे मात्र जाणत्या कारागिराचेच काम आहे. उबेला आलेल्या मुंग्या व पाली यांचा उपद्रवही लक्षात घ्यावा.

विजेची गोष्ट याहून गंभीर आहे. वादळात झाडे तारांवर पडतात व पुरवठा खंडित होतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर जिल्ह्यातील अनेक गावांना अंधारात राहावे लागले होते. ऑल-इन-वनला लॅपटॉपप्रमाणे बॅटरी नसते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो घेतला तरी यूपीएस घ्यावाच लागतो.

वळवाच्या व परतीच्या पावसात विजा कडाडतात. वीज केवळ विद्युत तारेनेच येते असे नाही; इंटरनेटच्या तारेवाटेही तिचा धक्का संगणकापर्यंत पोहोचतो. काचतंतूच्या केबलमधून वीज वाहत नाही, हे खरे. परंतु भिंतीवरील इंटरनेटच्या डबीला विजेची जोडणी असते व त्या डबीपासून संगणकापर्यंतची तार धातूची असते. सुट्या संचात अशा धक्क्याने पेटी गेली तरी पडदा वाचण्याचा संभव असतो. ऑल-इन-वनमध्ये सर्वच एका ठिकाणी असल्याने संपूर्ण संच निकामी होतो.

तद्वतच अर्थिंगकडे लक्ष द्यावे. कातळावर वसलेल्या वाड्यांत अर्थिंग चांगले लागत नाही, कारण कोरडा जांभा वीज नीट वाहून नेत नाही. खड्डा खोल घ्यावा, त्यात कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत व उन्हाळ्यात वरचेवर पाणी घालावे. न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब वायरमनकडून मोजून घ्यावा. तो साधारण ३ व्होल्टच्या आत असणे इष्ट. संगणक कोणताही घ्या, हे काम खरेदीच्या आधी झाले पाहिजे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका तालुक्यात कामावर असताना तेथील बागायतदारांच्या गटाने ऑल-इन-वन संगणक घेतला. सल्ला माझाच होता. जागा लहान, वीज कमी, काम सुबक, असा माझा हिशेब होता. दोन वर्षे काम उत्तम चालले. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात परतीच्या पावसात वीज कडाडली व संगणक बंद पडला. इंटरनेटची तार काढावयाची राहिली होती. संच दुरुस्तीस पाठविला, तो भाग येण्याची वाट पाहत तेथेच पडून राहिला व सहा आठवड्यांनी परत आला.

दरम्यान नोव्हेंबरअखेर आंबा व काजूच्या फळपीक विम्याची मुदत संपली. सभासदांचे सातबारे, बँक पासबुकांच्या प्रती व बागांची छायाचित्रे त्या संगणकातच होती. बहुतेकांनी पुन्हा कागद गोळा करून तालुक्याच्या ठिकाणी रांगेत उभे राहून अर्ज भरले. अकरा जणांचे मात्र राहून गेले. त्यांतील काही मुंबईस होते, काही वृद्ध होते. पुढे फेब्रुवारीत अवेळी पाऊस झाला व मोहोर गळला. विमा असलेल्यांस भरपाईची आशा होती. त्या अकरा जणांस तीही नव्हती. त्यांतील एक आजोबा मला एवढेच म्हणाले, “साहेब, तुमच्या यंत्रात माझा कागद होता ना, मग तो गेला कुठे?” या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते.

दोष एकट्या ऑल-इन-वनचा होता, असे मी म्हणणार नाही. सुट्या भागांचा संगणकही विजेने जळला असता. परंतु त्याची डिस्क गावातीलच एखाद्या जाणत्या मुलाने काढून दुसऱ्या पेटीला जोडली असती व कागद दोन दिवसांत हाती आले असते. शिवाय माहितीची दुसरी प्रत बाहेर ठेवण्याचे मी सांगितले नव्हते, ही चूक माझी. तेव्हापासून कोणासही संगणकाचा सल्ला देताना मी प्रथम दुसऱ्या प्रतीचे विचारतो, किमतीचे मागाहून.

खर्चाचा हिशेब

किमती वरचेवर बदलतात. म्हणून पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या भावपत्रकातील व वीजबिलातील आकडे घालून हाच हिशेब करावा.

समजा, ऑल-इन-वन ५० वॅट व सुट्या भागांचा संच पडद्यासह १०० वॅट वीज घेतो. रोज ८ तासांप्रमाणे वर्षातील ३०० दिवस काम चालले, तर २,४०० तास होतात. पहिल्यास १२० युनिट व दुसऱ्यास २४० युनिट वीज लागेल. युनिटचा दर १० रुपये धरल्यास वर्षाची बचत १,२०० रुपये, म्हणजे सहा वर्षांत ७,२०० रुपये झाली.

आता दुसरी बाजू पाहू. हमीची मुदत संपल्यावर पडदा एकदा बिघडला असे समजा. ऑल-इन-वनचा पडदा बदलण्यास १५,००० रुपये व नवा सुटा पडदा घेण्यास ८,००० रुपये लागतात असे धरल्यास फरक ७,००० रुपयांचा येतो. म्हणजे सहा वर्षांची विजेची बचत एका दुरुस्तीतच जवळजवळ संपते. शिवाय काम बंद राहिलेल्या दिवसांची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. यावरून असे दिसते, की विजेच्या बचतीसाठी म्हणून ऑल-इन-वन घेण्यात फारसा अर्थ नाही. जागेची खरी अडचण असेल व दुरुस्तीची सोय जवळ असेल, तरच तो परवडतो.

आणखी दोन मार्ग

निवड केवळ या दोहोंतच करावी लागते असे नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. तो वाडीवरील बैठकीस नेता येतो, वीज नसताना काही तास चालतो व विजा होऊ लागल्यास सर्व तारा काढूनही काम पुढे नेता येते. पडदा लहान पडत असेल तर कचेरीत त्यास सुटा मॉनिटर जोडावा. मात्र तो हाताळणारे पुष्कळ असतील, तर पडण्याची व चोरीची भीती राहते.

दुसरा मार्ग छोट्या पेटीच्या संगणकाचा, ज्यास मिनी पीसी म्हणतात. ही पेटी डब्याएवढी असून मॉनिटरच्या पाठीशी बसविता येते. जागा ऑल-इन-वनइतकीच लागते, वीजही कमी लागते, आणि तरीही पडदा व संगणक एकमेकांपासून सुटे राहतात. अनेक लहान संस्थांस हा मधला मार्ग सोयीचा पडेल.

कोणी काय घ्यावे?

ज्या कचेरीस एकच संगणक आहे व ती बाजारपेठेपासून दूर आहे, तिने सुट्या भागांचा संच किंवा मिनी पीसी घ्यावा. ज्या गटाचे काम वाड्यावाड्यांवर फिरून चालते, त्याने लॅपटॉप घ्यावा. लांजा शहरातील प्रक्रिया उद्योगाचे विक्रीकेंद्र, जेथे गिऱ्हाइकाच्या दृष्टीस नीटनेटकेपणा पडावा, वीज बरी आहे व दुसरा संगणकही हाताशी आहे, तेथे ऑल-इन-वन शोभतो व चालतो.

विकास सोसायट्यांनी आणखी एक चौकशी अवश्य करावी. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली व त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद केली. आपल्या सोसायटीचा त्यात समावेश आहे काय, हे सहकार खात्याच्या तालुका कार्यालयात विचारल्यावाचून स्वनिधीतून खरेदी करू नये.

ऑल-इन-वन घ्यावयाचाच असेल तर

खरेदीपूर्वी दुकानदारास पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे भावपत्रकावर लिहून घ्यावीत.

१. हमी किती वर्षांची? कारागीर आमच्या गावी येईल, की संच आम्हास पोहोचवावा लागेल? तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीची हमी मिळत असल्यास थोडे अधिक पैसे देऊनही ती घ्यावी.

२. मेमरी किती आहे व वाढविण्यास जागा मोकळी आहे काय? ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. १६ जीबी उत्तम.

३. डिस्क एसएसडी जातीची आहे काय? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा संच स्वस्त असला तरी घेऊ नये.

४. यूएसबीची भोके किती? कीबोर्ड, माउस, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र व पेनड्राइव्ह मिळून पाच लागतात.

५. संगणक बंद पडल्यास पडदा दुसऱ्या संगणकास जोडता येईल काय? त्यासाठी ‘एचडीएमआय इन’ नावाची सोय असावी लागते. ती थोड्याच नमुन्यांत असते. पण असल्यास मोठाच आधार होतो.

६. विंडोज ११ मूळ परवान्यासह आहे काय?

किमान तीन दुकानांतून एकाच वर्णनाची भावपत्रके घ्यावीत, ती सभेपुढे ठेवावीत व बिल संस्थेच्याच नावे करावे.

जतन

संगणक भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. पावसाळ्यात काम नसले तरी रोज तासभर चालू करावा; आतील उबेने ओल धरत नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये, कारण तापताना तो फार वीज ओढतो. गडगडाट ऐकू येताच विजेची पिन व इंटरनेटची तार दोन्ही काढाव्यात. आठवड्यातून एक वार ठरवून सर्व माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी व ती डिस्क कचेरीत न ठेवता चिटणीसाच्या किंवा अन्य जबाबदार सभासदाच्या घरी ठेवावी. मोडीत निघालेला संच भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून घ्यावी, कारण सभासदांचे आधार व बँकेचे क्रमांक तिच्यात असतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा सर्व विचार गावच्या बैठकीत मांडावा. कोणता संगणक घ्यावा, हे अखेर सभासदांनीच ठरवावयाचे आहे. आपले काम एवढेच, की ठरविताना त्यांच्यापुढे केवळ दुकानातील चकचकीत पडदा नसावा. दुरुस्तीची वाट, पावसाळ्याचे चार महिने आणि नोव्हेंबरअखेरची ती मुदत, हेही त्यांच्या डोळ्यांपुढे असावे.